वाघळाचा उष्टा चिकू

मी सरकारी कचेरीत फायली पुढे सरकवणारी बाई. उडी मारावी असं माझ्या आयुष्यात फारसं काही घडत नाही, आणि घडलंच तर गुडघ्यांचा विचार करून मी बसल्या जागीच आनंद मानते. पण गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी आमच्या गच्चीवर खरोखर उडी मारली. शेजारच्या गच्चीवर वाळलेली बिजौरी, म्हणजे इकडचे सांडगे, गोळा करणारी बाई हातातलं सूप तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला आभाळाकडे बोट करून सांगितलं, की ते बघा दीदी, गळ्यात पट्टा घातलेलं चाललंय, ते आमचं. तिला पट्टा दिसला नाही. खरं तर मलाही दिसला नव्हता. डोक्यावरून इतकी वटवाघळं चालली होती की त्यातलं आमचं कोणतं हे सांगायला देवच हवा होता. पण ते त्यात होतं, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

आमचं घर रायपुरात, भनपुरीच्या अलीकडे, एका जुन्या तलावाच्या मागे. एका बाजूला ट्रकांच्या रांगा, टायरवाले, वेल्डिंगच्या ठिणग्या. दुसऱ्या बाजूला तलाव आणि त्याच्या काठावर अर्जुनाची म्हातारी झाडं. इथे त्यांना कौहा म्हणतात. त्या झाडांवर वटवाघळं दिवसभर उलटी लटकतात, पंखांनी वारा घेतात आणि एकमेकांशी इतकी भांडतात की दुपारी डोळा लागत नाही. बाबा रेल्वेच्या कारखान्यात होते, नोकरीसाठी अकोल्याकडून आले आणि इथलेच झाले. निवृत्तीच्या आधी त्यांनी इथे प्लॉट घेतला तेव्हा आमच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली, की वाघळांच्या शेजारी कोण राहतं. बाबा म्हणाले, रात्रभर घरी नसणारे शेजारी मिळाले, अजून काय पाहिजे.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडी टीव्हीवर पुन्हा निपाहच्या तापाची चर्चा सुरू झाली. गोष्ट दूर दक्षिणेतली, पण पडद्यावर वटवाघळाचं तोंड मोठं करून दाखवत होते, आणि ते तोंड तर आमच्या तलावावर रोज दिसत होतं. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, लोकांनी ठरवलं की फटाके लावून सगळी हाकलून द्यायची. फटाके आलेसुद्धा. नेमकी तेव्हाच डॉक्टरीण आली.

ती जनावरांची डॉक्टर, माझ्या लेकीपेक्षा थोडीशीच मोठी. सोबत दोघं-तिघं सहकारी, सरकारी परवानग्यांची जाड फाइल आणि आवाज असा की ट्रकवालेही गप्प व्हावेत. तलावाजवळच्या चहाच्या टपरीवर उभं राहून तिनं सगळ्यांना समजावलं. हाकललीत तर वाघळं मरणार नाहीत, पांगतील आणि दहा ठिकाणी जाऊन बसतील. घाबरलेल्या, उपाशी वाघळाच्या अंगात विषाणू असलाच, तर तो लाळेतून आणि मुतातून जास्त बाहेर पडण्याची भीती असते. इथल्या वाघळांत तसलं काही आहे की नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं, तेच शोधायला ती आली होती. ते कळेपर्यंत आणि कळल्यावरही लोकांनी एवढंच करायचं: वाघळानं चावलेलं फळ खायचं नाही, पडलेलं वाघूळ हातात घ्यायचं नाही, पाण्याची भांडी झाकून ठेवायची. लोकांनी ऐकलं. फटाके दिवाळीसाठी माळ्यावर गेले.

मी तर तिच्या मागेच लागले. आमच्या गच्चीवरून ती झाडं समोर दिसतात, तेव्हा सामान आमच्याकडे ठेवा, पाणी आमच्याकडे प्या, बसा आमच्याकडे, असं मी तिला सांगून टाकलं. पहाटे उजाडण्याच्या सुमाराला त्यांची टोळी झाडांखाली ताडपत्री पसरायची. तोंडाला मुखपट्टी, डोळ्यांवर चष्मा, हातात दुहेरी मोजे, पायात गमबूट. परत आलेली वाघळं झाडावर टेकली की वरून जे पडे ते ही मंडळी नळ्यांमध्ये गोळा करायची. आईनं हे खिडकीतून पाहिलं आणि मला विचारलं, की एवढं शिकून-सवरून पोरी हेच करतात काय. मी हो म्हणाले. आईनं कपाळाला हात लावला, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी चहा तिनंच पाठवला.

मग पट्ट्यांचा दिवस आला. त्यांनी बांबूंवर जाळं उभारून पहाटे परतणारी काही वाघळं धरली. आम्हाला जवळ जायची मनाई होती, म्हणून मी आणि माझी लेक गच्चीच्या कठड्यावरून बघत होतो. एक मोठा नर होता, कानाची कड फाटलेला. त्याच्या गळ्यात त्यांनी पट्टा घातला, पट्ट्याला काडेपेटीहून लहान यंत्र. मग ओंजळीतून सोडावं तसा त्याला सोडला. तो थेट आपल्या फांदीवर गेला आणि शेजाऱ्याशी भांडायला लागला, जणू मधे काही झालंच नव्हतं. मी कठडा इतका घट्ट धरला होता की तळहातांवर विटांचे वळ उठले.

आणि दुसऱ्या दिवशी नकाशा. डॉक्टरणीच्या फोनवर रायपूर पसरलेलं, आणि त्यावर आमच्या वाघळाच्या रात्रीची रेघ. मी डब्याची पिशवी खांद्याला लावून कचेरीला निघाले होते, ती तशीच पायरीवर बसले. तो तलावावरून उठला होता, भनपुरीचे ट्रक ओलांडून सिलतऱ्याकडे गेला होता, लोखंडाच्या कारखान्यांच्या धुराच्या बाजूनं वळसा घालून पलीकडच्या खेड्यांतल्या मोहाच्या झाडांवर पोचला होता. तिथे रात्रीचा बराच वेळ. सिलतऱ्याला जायचं म्हटलं की आम्हाला तास लागतो, त्यात फाटक, त्यात ट्रक, त्यात धूळ. हा एका दमात गेला, जेवला, आणि उजाडायच्या आत घरी. दुसऱ्या रात्री तर तो उलट्या दिशेला, सदर बाजाराच्या छपरांवरून गेला. मी सोनाराकडे जाते तेव्हा स्कूटर लावायला जागा मिळत नाही, आणि हा वरून बघत गेला असणार. त्या दिवसापासून मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावायच्या आधी डॉक्टरणीला मेसेज करायची, की आमचा कुठे जाऊन आला. कचेरीत माझं नाव 'चमगादडवाली दीदी' पडलं. पडू दे.

घरी आल्यावर मी सगळा प्रवास आईला सांगायची. आणि इथेच गोष्टीला दुसरं वळण लागलं, त्यासाठी आधी ताटाचं सांगायला हवं.

आई जन्मभर बाबांच्या उष्ट्या ताटात जेवली. लग्नात तिला तसंच शिकवलं होतं. बाबांचं जेवण झालं की त्याच ताटात ती स्वतःला वाढून घ्यायची. मला कळायला लागल्यापासून मी या गोष्टीवर चिडत आलेय. मी ताटं आपटली, मुद्दाम आईचं वेगळं ताट वाढून ठेवलं, लग्नाच्या वाढदिवसाला तिला नवं ताट भेट दिलं. ते मांडणीत वरच्या फळीवर कोरंच राहिलं. बाबाही ताटात मुद्दाम काही ना काही ठेवायचे, भाजीतली चांगली फोड, पोळीचा मऊ तुकडा. आणि चिकूच्या दिवसांत अर्धा चिकू. अंगणातलं चिकूचं कलम बाबांनीच लावलेलं. चिकू झाडावर पिकला की नाही हे माणसाला कळत नाही, वाघळाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सकाळी ते झाडाखालचे वाघळानं चावलेले चिकू वेचायचे, चावा चाकूनं काढून टाकायचे, उरलेल्यातला अर्धा स्वतः खायचे आणि अर्धा ताटात आईसाठी ठेवायचे. आम्ही सगळ्यांनी असे चिकू खाल्लेत. ते गोड असायचे, हेही खरं.

फक्त एकदाच ताट वेगळं झालं होतं. बाबांना टीबी झाला तेव्हा. आधी कितीतरी दिवस ते नुसते खोकत होते, धुळीचा खोकला म्हणत होते, आणि आई त्यांच्याच ताटात जेवत होती. निदान झालं त्या दिवशी बाबांनी घरी येऊन आपलं ताट, वाटी आणि पेला उचलला आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की हा रोग हवेतून पसरतो, ताटातून नाही. बाबांनी ते ऐकलं नाही. म्हणाले, "खोकतोही याच तोंडानं, अन् जेवतोही याच तोंडानं." आई रडली, रुसली, दोन दिवस जेवली नाही. बाबा हलले नाहीत. औषधाचा पूर्ण कोर्स संपेपर्यंत त्यांनी आपलं ताट स्वतः घासलं, आणि ज्या दिवशी डॉक्टरांनी बरे झालात म्हणून सांगितलं त्या दिवशी ताटात अर्धा चिकू ठेवून आईला हाक मारली.

आता बाबा नव्हते. त्या उन्हाळ्याआधीच्या थंडीत ते झोपेतच गेले. आई अजूनही त्यांच्याच ताटात जेवत होती, रिकाम्या ताटात. मी यावेळी मात्र काही बोलले नव्हते.

तर मी रोज आईला वाघळाचा प्रवास सांगत होते, आणि एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "दिवस मावळला का निघते, उजाडाच्या आत येते, मंग दिवसभर झोपते. तुह्या बाबाचीबी नाइट ड्यूटी अशीच होती."

मी हसले. मला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी मीच घरात शिरताना म्हणाले, आई, आज ड्यूटी सिलतऱ्याला होती. आईनं विचारलं, परत आले का. असं काही दिवस चाललं. म्हातारी हसतेय, विचारपूस करतेय, मला वाटलं बरंच झालं. आई 'ते वाघूळ' म्हणायचं सोडून 'ते' म्हणायला लागली हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं, पण गोड वाटलं.

अक्षयतृतीया जवळ आली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात. मातीची नवी घागर, पाण्यात वाळा, घागरीवर फळ, आणि आमरस, शेवया, वड्यांचा नैवेद्य. गेलेल्या माणसासाठी भरलेली पहिली घागर फार महत्त्वाची. मी बाजारातून आंबे आणले, तेव्हा आई म्हणाली की आंबा रसाला घे, घागरीवर मी चिकू ठेवणार. वाघळाचा चावलेला. आणि पूजा झाल्यावर तो मी खाणार.

मी आंबे खाली ठेवले. मग मला दिसलं की कोपऱ्यातल्या टोपलीत ती दोन दिवसांपासून असे चिकू वेचून ठेवत होती. मी टोपलीच उचलून मातीत पुरली, हात घासून धुतले आणि आईला ओरडले. डॉक्टरणीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. आई शांतपणे म्हणाली, की इतकी वर्षं खाल्ले, काय झालं. मी तिला रेल्वे फाटकाची आठवण करून दिली. फाटक बंद असलं की गाडी लांबवर दिसत नसली तरी बाबा सायकल धरून उभे राहायचे, लोक खालून वाकून जायचे आणि बाबांना हसायचे. गाडी रोज थोडीच अंगावर येते. पण ज्या दिवशी येते त्या दिवशी दुसरी संधी मिळत नाही, आणि हा ताप तसलाच आहे, त्याला औषध नाही. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यायचं शेवटचं उष्टं मले भेटलं नाई. झोपेतच गेले. रात्रीचं ताट म्या घासून टाकलं होतं."

माझी लेक, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीतच सुचतं, आजीच्या गळ्यात पडून म्हणाली, "आजी, मत खाना." आजीनं तिच्या डोक्यावर हात फिरवला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. त्या संध्याकाळी मी जुन्या पिशव्या शिवून चिकूच्या फळांवर बांधल्या. सकाळी पाहते तर खालच्या फांद्यांवरच्या सगळ्या पिशव्या आईनं सोडवून, धुऊन, दोरीवर वाळत घातलेल्या.

अक्षयतृतीयेच्या दिवशी सकाळी मी गच्चीवर वाळवण घालत होते. छत्तीसगढी लोक या दिवसाला अक्ती म्हणतात. पाऱ्यातल्या पोट्ट्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावत होत्या, डब्यांचा बाजा वाजत होता. तेवढ्यात डॉक्टरणीचा फोन आला. नेहमी मी करते, आज तिनं केला. तिच्या आवाजातच उड्या होत्या. दीदी, नकाशा बघा, म्हणाली. मी बघितला. तलावावरून निघालेली रेघ मोहाकडे गेलीच नव्हती. ती तलावाच्या मागे येऊन थांबली होती. घराचं छप्पर, पाण्याची टाकी, अंगण, सगळं ओळखू येत होतं, आणि ठिपका आमच्या चिकूवर होता. आमच्याच झाडावर. कितीतरी वेळ.

मी जिन्यावरून धावत सुटले. गुडघ्यांची आठवणसुद्धा झाली नाही. आई, आई, आपल्याकडे आला होता, असं ओरडतच मी अंगणात आले. हे मी का ओरडले, हे मला आजही सांगता येत नाही. आनंद माणसाला मूर्ख करतो, इतकंच. आई झाडाखाली उभी होती. पांढरं पातळ, ओले केस, आणि तळहातावर वाघळानं अर्धा खाल्लेला चिकू. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला तर तिनं मूठ मिटली. मी हात जोडले, शपथा घातल्या, लेकीला हाका मारल्या. आई चिकू घेऊन घागरीजवळ जाऊन बसली. डॉक्टरणीला आम्ही त्या दिवशी जेवायला बोलावलं होतं, ती नकाशाच्या आनंदात लवकरच आली, आणि दारातच तिला सगळं दिसलं. मी तिला बाजूला घेऊन भराभर सांगितलं: उष्टं ताट, नाइट ड्यूटी, शेवटचं जेवण. मला वाटलं आता ही भाषण देईल. पण ती आईसमोर जमिनीवर नुसती बसली.

आईनंच विचारलं. मोडक्या हिंदीत नाही, आपल्या भाषेत, आणि मी डॉक्टरणीला ते हिंदीत सांगत गेले. "हे बिमार हाये का?"

डॉक्टरीण म्हणाली की नाही, तो चांगला धडधाकट आहे, रोज कोसच्या कोस जाऊन येतो.

"मंग याच्या तोंडात रोग कसा राहीन?"

डॉक्टरणीनं सांगितलं, की असेलच असं ती म्हणत नाही. पण वाघळाचं असं असतं, की विषाणू अंगात असला तरी त्याला स्वतःला काही होत नाही. ताप नाही, खोकला नाही. तो खातो, उडतो, आपल्या माणसांत राहतो. त्याला कळतच नाही की आपल्या तोंडून दुसऱ्याला काय जाऊ शकतं.

मी हे मराठीत सांगितलं. आई चिकूकडे बघत राहिली. बाहेर बाहुलीची वरात निघाली होती, डबे जोरात वाजत होते. मग आई हळूच म्हणाली, "म्हणजे तेव्हासारखंच. खोकत होते, अन् त्यायले माहीत नव्हतं."

मी मान डोलावली.

"माहीत असतं, तर त्यायनंच ताट वेगळं केलं असतं," आई म्हणाली.

ती उठली. नैवेद्याच्या पळसाच्या पत्रावळींमधली एक तिनं घेतली, तिच्यावर तो चिकू ठेवला आणि पत्रावळ खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, जिथे तेव्हा बाबांचं ताट असायचं. क्षणभर हात जोडले. मग स्वतःच मला म्हणाली की आता पुरून टाक. डॉक्टरणीनं मोजे घालून ती पत्रावळ चिकूच्या बुंध्याशी खोल पुरली, आणि आईनं नळाखाली कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, टीबीच्या दिवसांत बाबा धुवायचे तसे.

घागरीवर आंबा बसला. बाबांच्या ताटात नैवेद्य वाढला, तो गाईला गेला, ताट घासून झालं. आम्ही पानांवर बसलो आणि आईची वाट बघत राहिलो, की आता ती बाबांचं ताट घेऊन येईल. ती मांडणीपाशी गेली. टाचा उंचावून तिनं वरच्या फळीवरून एक ताट काढलं, मी कितीतरी वर्षांपूर्वी दिलेलं. पदरानं त्यावरची धूळ पुसली, आणि माझ्यासमोर धरून म्हणाली, "याच्यात वाढ."